कडी कुणी घातली?

लोणावळ्यात ओली छत्री कोपऱ्यात उभी करून ठेवली की थोड्या वेळानं तिच्याखाली डबकं साचतं. मुद्दाम कुणी ओतत नाही. आमच्या रविवारच्या बैठकीतले किस्से असेच साचले. आम्ही जमत होतो ते एक गंभीर सामाजिक कादंबरी पुरी करायला. ती कादंबरी काही छापली गेली नाही, पण डबकं मात्र हटायला तयार नाही! तेव्हा आज जरा उपसू या.

आधी मंडळी सांगून टाकतो. गोविंदराव आमचे लेखक, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क. दिवसभर दुसऱ्यांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या आणि रविवारी आम्हाला कादंबरी वाचून दाखवायची, असा त्यांचा क्रम. डॉक्टरांचा दवाखाना बाजारात. त्यांनी कुजबूज केली तरी रस्त्यापलीकडच्या माणसाला आपला आजार कळायचा. हुसेनभाईंची बेकरी होती. सखाराम हा रेल्वेत पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा, मूळचा तिकोणा पेठ गावचा. आणि मी स्टेशनवरचा तारमास्तर. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

बैठक गोविंदरावांच्या पडवीत भरायची. आता खरं सांगू का? आम्हाला साहित्याची ओढ होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी ओढ होती ती आक्काच्या थालीपिठांची! आक्का म्हणजे गोविंदरावांची थोरली बहीण. ती घरातच खानावळ चालवायची. घाट चढून आलेले ड्रायव्हर, फायरमन, आम्ही सगळे तिच्या हातचं जेवायचो.

आणि कादंबरी होती तीही आक्कावरच. तिला तळेगाव दाभाड्याला दिली होती. नवरा यशवंतराव, लाकडाच्या वखारीचा मालक. बऱ्याच वर्षांमागं एका सकाळी आक्का एक गाठोडं घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. सासरच्यांनी तिला हाकलून दिलं, असं गोविंदराव सांगायचे. तळेगावच्या बाजारात यशवंतराव स्वतःही तेच सांगायचे, "मीच काढली." तेवढ्या एका बाबतीत दोन्ही घरांचं एकमत होतं!

फक्त एक कोडं कुणाला सुटलं नव्हतं. त्या दिवशी दुपार झाली तरी यशवंतरावांचं दार उघडलं नाही, म्हणून शेजारी बघायला गेला. दाराला बाहेरून कडी होती, आणि आत यशवंतराव आणि त्यांची आई! ती कडी कुणी घातली, यावर तळेगावात बरीच डोकी शिणली होती.

गोविंदरावांचं म्हणणं सरळ होतं. कादंबरी छापून येईल, तळेगावात वाचली जाईल, यशवंतरावांना आपली चूक कळेल आणि ते येऊन आक्काला मानानं घरी नेतील. दर रविवारी ते हे बोलून दाखवायचे. आक्का तेवढ्यात उठून तव्याकडं जायची.

*

पहिल्याच रविवारी गोविंदरावांनी बॉम्ब टाकला.

"या कादंबरीत लेखक बोलणारच नाही," ते म्हणाले. "चार माणसं बोलतील. सासू, वखारीतला गडी, शेजारी आणि मुलीचा भाऊ. प्रत्येक जण आपापल्या तोंडानं सांगेल."

 तोवर आम्हाला माहीत असलेल्या कादंबऱ्यांत लेखक वाचकाचा हात धरून त्याला पहिल्या पानापासून शेवटापर्यंत न्यायचा, वाटेत चार उपदेशही करायचा. इथं लेखकच रजेवर!

"चौघं एकच सांगणार का?" हुसेनभाईंनी विचारलं.

"छे! चौघं वेगवेगळं सांगणार. कडी गड्यानं घातली असं सासू म्हणणार. गडी म्हणणार, शेजाऱ्यानं घातली, जुन्या वैरापोटी. शेजारी म्हणणार, मी गेलो तेव्हा कडी नव्हतीच."

"आणि भाऊ?"

"भाऊ म्हणणार, सासरच्यांनीच गड्याकडून बाहेरून घालून घेतली. मुलगी परत आली तर घरात कुणी नाही असं तिला वाटावं म्हणून!"  गोविंदरावांचा स्वतःचा याच्यावर पक्का विश्वास होता.

"मग खरं कुठलं?"

"ते वाचकानं ठरवायचं."

हुसेनभाई हादरले. "म्हणजे पुस्तक विकत घ्यायचं आपण, आणि काम पण आपणच करायचं?"

मी विचारलं, "सगळे बोलतात, मग नवरा का नाही बोलत?"

"त्या माणसाला मी माझ्या पुस्तकात उभा करणार नाही," गोविंदराव म्हणाले. तो विषय तिथंच संपला.

डॉक्टर इतका वेळ मान हलवत होते. "गोविंदराव, हे मला रोजचंच आहे. एका पेशंटबरोबर चार नातेवाईक येतात. चौघं चार आजार सांगतात. कुणी म्हणतो पोटात, कुणी म्हणतो छातीत, कुणी म्हणतो बाहेरचं काहीतरी लागलंय."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? चौघांनाही बाहेर काढतो आणि पेशंटला म्हणतो, जीभ दाखव!"

आम्ही पोट धरून हसलो. आतून थालीपिठं आली. त्या वाक्यात काही घेण्यासारखं आहे हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

*

गोविंदराव वाचायचे नाकात. सासू नाकात, गडी नाकात, शेजारीही नाकात. तिसऱ्या रविवारी डॉक्टरांचा संयम सुटला.

"अहो, चार माणसं आणि एकच नाक! कोण बोलतंय ते कळायचं कसं?"

म्हणून आम्ही माणसं वाटून घेतली. गड्याचं हुसेनभाईंनी वाचायचं, शेजाऱ्याचं मी, भावाचं स्वतः गोविंदरावांनी. सासूचं घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी ती डॉक्टरांच्या गळ्यात पडली.

पण काय सांगू महाराजा! डॉक्टरांच्या अंगात सासू शिरली. पदर नव्हता तर उपरणं डोक्यावरून घेतलं. डोळे गरगर फिरवले आणि असा काही आवाज काढला की पडवीच्या पत्र्यावरची चिमणी उडाली. "या घरात राहायचं असेल तर मान खाली घालून राहा! नाहीतर दार उघडंच आहे! नीघ!"

दुसऱ्या क्षणी फाटकातून शेजारची गंगामावशी आत घुसली. हातात मुसळ! मावशी अंगानं दणकट, शेतावर कामाला जाणारी.

"कोन हाय ती? कोन आक्काला घराभायेर काडतंय? आली व्हय ती म्हातारी तळेगावाहून? दावा मला!"

आम्ही बाकीचे चौघं भिंतीला चिकटलो. मावशीची नजर फिरत फिरत डॉक्टरांवर स्थिरावली. डोक्यावर उपरणं, एक हात कमरेवर, दुसरा दाराकडं!

मुसळ सावकाश खाली आलं. "डाक्टर," मावशी म्हणाली, "परवा तुमी माज्या गुडघ्याला सुई टोचली. तवा बी आसंच व्हतं का काय तुमाला?"

आम्ही इतके हसलो की हुसेनभाईंना ठसका लागला. आक्का पाणी घेऊन बाहेर आली. भांडं त्यांच्या हातात देत ती डॉक्टरांना म्हणाली, "सासूबाई कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. हळू बोलायच्या. अगदी हळू. कामं करताना मागं उभ्या राहून."

आणि आत गेली.

 डॉक्टरांनी उपरणं डोक्यावरून काढलं, घडी घातली आणि मांडीवर ठेवलं. त्या घरात आक्काचं काय झालं असेल ते कादंबरीच्या पानांमधून मला कधी कळलं नव्हतं, ते त्या 'हळू' शब्दानं कळलं. 

*

सखाराम वाचायचा नाही, ऐकायचा. ऐकून अस्वस्थ व्हायचा. लहानपणापासून त्यानं गावच्या पंचांपुढं तंटे सुटताना बघितले होते, आणि एका तंट्यात चार साक्षी चार प्रकारच्या निघाल्या की पुढं काय करायचं हे त्याच्या दृष्टीनं ठरलेलं होतं.

"गोयंदराव, ह्यात तीन जनं तरी खोटं बोलत्यात," एकदा तो म्हणाला.

"हो ना! तीच तर यातली गंमत आहे!"

"गंमत?" सखाराम उसळला. "लबाडाला पुस्तकात बसायला पाट देता, वर त्याला गंमत म्हनता? आमच्या गावात असल्याला चावडीवर हुबं करत्यात!"

पुढच्या रविवारी तो एक पुडी घेऊन आला. पडवीच्या मधोमध पाट मांडला, त्याच्यावर पुडी सोडली. आत बेलाची पानं आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद.

"आता जो कोन वाचंल त्यानं आधी बेलभंडारा उचलायचा. म्हनायचं, सांगतो ते खरं सांगतो. मग वाचायचं. खोटं बोलला तर द्येव बघून घील."

 हा माणूस कादंबरीला शपथ घालायला निघाला होता!

"अरे सखाराम," मी समजावलं, "मी कुठं सांगतोय? शेजारी सांगतोय. मी नुसता वाचतो."

"मग शेजाऱ्याला उचलाया सांगा."

"शेजारी कागदावर आहे रे!"

"मंग त्याला कागदावरच ठिवा. तुमी तोंड कशापायी देता त्याला?"

  तारेच्या ऑफिसात मी रोज लोकांचे निरोप पुढं पाठवायचो. कुणाचा खरा, कुणाचा खोटा, मला काय त्याचं! पण त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं की निरोप्याचंही काहीतरी चुकत असावं. उचलला बाबा भंडारा, शेजाऱ्याच्या वतीनं. घाम फुटला होता.

हुसेनभाईंपुढं वेगळाच पेच. "मी कसा उचलणार? माझ्यात हे नाही."

सखारामनं विचार केला. "तुमी पोराची आन घ्या."

"वा रे वा! तुमच्या खोट्या गड्यासाठी माझ्या खऱ्या पोराची शपथ? तो गडी लबाड निघाला तर भोगायचं कुणी, माझ्या सलीमनं? मी नाही वाचत जा!" आणि खरोखरच त्या दिवशी गडी मुका राहिला.

राहिले डॉक्टर. सासूचं प्रकरण हातात, समोर भंडारा. त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. पुन्हा पुढं केला, पुन्हा मागं.

"नाही उचलणार," ते म्हणाले. "ही बाई साफ खोटं बोलतेय! कडी गड्यानं घातली नाही, हे तिला माहीत आहे!"

गोविंदराव ताडकन उठले. "तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर असं कुठंच लिहिलेलं नाही!"

"लिहिलं नाही, पण तीन महिने तिचं तोंड माझ्याकडं आहे. मला कळतं!"

स्वतः लेखकाला माहीत नव्हतं ते वाचणाऱ्याला कळलं होतं! गोविंदराव मटकन खाली बसले. तेव्हापासून सखारामनं निकाल देऊन टाकला की सासूनं भंडारा उचलला नाही, सबब तिचं बोलणं धरायचं नाही. पुडी मात्र त्यानं पडवीच्या कोनाड्यात कायमची ठेवली.

*

गोष्ट पडवीत राहिली असती तर ठीक होतं. ती बाजारात गेली.

कशी गेली ते सांगायला नको. डॉक्टर पेशंटना सांगायचे, सासूच्या बाजूनं. हुसेनभाई गिऱ्हाइकांना सांगायचे, गड्याच्या बाजूनं. मी स्टेशनवर शेजाऱ्याची बाजू मांडायचो. पुस्तक जन्माला यायच्या आधीच लोणावळ्यात त्याच्या तीन आवृत्त्या फिरत होत्या!

एके दिवशी हुसेनभाई तणतणत आले. बाजारातल्या एका बाईनं त्यांच्याकडचा पाव परत केला होता.

"मला म्हणते, ज्या तोंडानं तुम्ही त्या गरीब बाईबद्दल वंगाळ बोललात, त्या हातचा पाव आम्हाला नको! मी म्हणालो, अहो ते गडी बोलला. तर म्हणते, कुठाय गडी? दाखवा!" हुसेनभाई जवळजवळ रडकुंडीला आले होते. "गोविंदराव, मला भावाचा पार्ट द्या. गडी कुणाला तरी दुसऱ्याला द्या. माझा धंदा बसेल!"

याच्यावर कडी म्हणजे पुण्याहून हवापालटाला आलेले एक गृहस्थ. बंगल्यावर उतरलेले, गळ्यात मफलर. पार्सल सोडवायला आले आणि गोविंदरावांनाच म्हणाले, "इथल्या एका प्रकरणावर कादंबरी आहे म्हणे. मी वाचली आहे ती. छान आहे."

गोविंदरावांच्या हातातला शिक्का खाली पडला. "वाचलीत? कुठं?"

"पुण्यात. शेवट फार करुण आहे हो. ती मुलगी विहिरीत जीव देते."

त्या संध्याकाळी गोविंदराव घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. आक्का कांदा चिरत होती. तिच्याकडं बघवेना त्यांना. जिवंत बहीण समोर बसलेली आणि पुण्यात तिचा शेवट होऊनही गेलेला! मी सोबत होतो. मीच घडलेलं सांगितलं.

आक्कानं डोळ्यांतलं कांद्याचं पाणी मनगटानं पुसलं. "विहीर कुठली? तळेगावच्या घराला साधा आडसुद्धा नव्हता. पाणी तळ्यावरनं आणायचे मी." मग जरा थांबून म्हणाली, "जीव द्यायचा तर तेवढं लांब जावं लागलं असतं. तितकं चालायचं तर माणूस दुसरीकडं कुठं नाही का जाणार?"

गोविंदराव एकदम हुंदकाच देऊन रडले. मी त्यांची समजूत घालत बसलो. दोघंही मूर्ख! तिनं आत्ता काय सांगितलं हे दोघांपैकी एकानंही ऐकलं नाही.

*

चौघांचं सांगून झालं. कादंबरी मात्र पुरी होईना. पुण्याच्या छापखानेवाल्यानं निरोप धाडला की त्या मुलीच्या तोंडचं एक प्रकरण हवंच, त्याशिवाय बायका पुस्तक हातात धरणार नाहीत.

गोविंदरावांनी लिहायला घेतलं. दोन रविवार आम्हाला नुसते हुंदके ऐकायला मिळाले. मुलगी रडते, चुलीपाशी रडते, तुळशीपाशी रडते, गाडीत रडते. डॉक्टर म्हणाले, "गोविंदराव, एवढं पाणी गेलं तर माणूस वाचत नाही. माझ्यावर विश्वास ठेवा."

मग ठरलं की सगळ्यांनी आपापल्या परीनं आक्काचं प्रकरण लिहून आणायचं. आता कळतं, केवढा अचाट प्रकार होता तो! चार पुरुष एका बाईचं मन लिहिताहेत, आणि ती बाई भिंतीपलीकडं आमच्यासाठी भाजणी मळतेय.

डॉक्टरांची मुलगी घर सोडताना स्वतःची नाडी बघत होती, ती मंद लागत होती. हुसेनभाईंच्या मुलीनं सासू, गडी, शेजारी, नवरा, सगळ्यांना माफ केलं आणि वर सगळ्यांना ईदला करतात तसा गोड पदार्थ करून घातला. माझं प्रकरण धंद्याला जागून होतं. मी वाचलं, "छळ फार. भावाकडे निघाले. काळजी नसावी."

"बस?" डॉक्टर ओरडले. "एवढंच?"

"जास्त शब्दांना जास्त दर पडतो," मी म्हणालो.

आक्का सुपात तांदूळ निवडत उंबऱ्यापाशी बसली होती. हुसेनभाईंनी सहज विचारलं, "आक्का, तुला कुणाचं आवडलं?"

"तारमास्तरांचं."

मी छाती फुगवली. "का गं?"

"लवकर आटपतं."

सगळे खो-खो हसले, मीही हसलो. विचारायची संधी समोर होती. पाच जण बसलेले, आणि एकानंही म्हटलं नाही की आक्का, तूच सांग ना! एकदा माझ्या ओठांवर आलं होतं. गोविंदरावांनी डोळ्यानंच दटावलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जखमेवरची खपली काढू नये, तारमास्तर. बिचारी मुकाट सोसते आहे."

*

पाऊस ओसरत आला होता. रविवारी दुपारी आम्ही पडवीत जमलो होतो. तव्याचा चर्र आवाज येत होता. पायऱ्यांशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. काळा कोट, काळी टोपी, हातात छत्री. गोविंदराव उठले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"यशवंतराव!"

 कादंबरी तळेगावापर्यंत पोचली होती, न छापताच!

यशवंतराव वर आले, पण बसले नाहीत. "सगळं ऐकलंय मी," ते म्हणाले. "तुमच्या पुस्तकात माझ्या आईला बोलायला दिलंत. वखारीतल्या गड्याला दिलंत. जो माणूस माझा उंबरठा कधी ओलांडून आत आला नाही त्या शेजाऱ्याला दिलंत! आणि मला एकट्याला नाही?"

 आम्हाला वाटलं होतं, हा माणूस डोकं फोडायला आलाय. तो आपलं प्रकरण मागत होता!

डॉक्टरांनी खुर्ची पुढं सरकवली. "बोला की मग. आज तुमचा नंबर."

यशवंतराव उभ्यानंच बोलले. पुष्कळदा सांगून गुळगुळीत झालेलं असावं तसं. "मी तापट माणूस. त्या रात्री शब्दानं शब्द वाढला. मी तिचा हात धरला आणि तिला घराबाहेर काढलं. चूक झाली माझी. आता आई राहिली नाही. घर खायला उठतं. मी तिला न्यायला आलोय. तुम्ही सगळे बघा, मानानं नेतो."

गोविंदरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते दारात उभं होतं. ते धावत माजघराच्या दारापाशी गेले. "आक्का! ऐकलंस का? न्यायला आलेत! आक्का, ट्रंक भर!"

तव्याचा आवाज थांबला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आता आक्काविना हे घर कसं दिसेल याचं चित्र डोळ्यांपुढं आलं आणि मी खाली मान घालून बसलो. हुसेनभाई दुसरीकडं बघत होते.

सखाराम मात्र उठला. कोनाड्यातली पुडी काढली, पाट मांडला, बेलभंडारा सोडला.

"पावनं, ह्या पडवीत सांगायचं तर आधी ह्ये उचलाया लागतं. जो उचलंल त्याचंच आमी धरतो. तुमच्या आईच्या वतीनं डाक्टरांनी न्हाई उचललं, म्हनून तिचं आमी धरलं न्हाई. तुमी उचला आन म्हना, मीच भायेर काडली."

"त्यात काय," यशवंतराव हसले आणि त्यांनी हात पुढं केला.

हात भंडाऱ्यावर आला आणि तिथंच राहिला.  स्टेशनात एक इंजिन उगाच वाफ सोडत होतं.  हात सावकाश मागं आला. त्याला भंडारा लागलाही नव्हता, तरी त्यांनी तो धोतराला पुसला.

सखारामनं हळूच विचारलं, "मंग कडी कोनी घातली?"

"मी."

आक्का दारात उभी होती. हातात उलथनं.

"मला कुणी बाहेर काढलं नाही," ती म्हणाली. "दोघं निजली होती. पहाटे उठले, बाहेर आले, बाहेरून कडी घातली आणि वडगावपर्यंत चालत गेले. तळेगावच्या स्टेशनवर सगळे ओळखीचे. वडगावला गाडी धरली."

डॉक्टरांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. तसं मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

गोविंदराव चाचरत म्हणाले, "अगं पण... इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? मी दारात आले तर तू मला धरून रडायलाच लागलास. म्हटलं, रडू दे. मग तू लिहायलाच लागलास."

गोविंदराव पायरीवर बसले. यशवंतरावांनी टोपी काढून हातात घेतली. आता त्यांचा आवाज वेगळाच येत होता. "दुपारपर्यंत आतच होतो आम्ही. मी दार ठोठावायला गेलो तर आई म्हणाली, हाका मारू नकोस, लोक हसतील."

"हळू म्हणाल्या असतील," आक्का म्हणाली.

"हळूच म्हणाली."

 मग यशवंतरावांनी वर बघितलं. "झालं ते झालं. मी कुणाला काही सांगणार नाही. पण आता चल."

आक्का आत गेली. आम्हाला वाटलं, संपलं. ती ताटली घेऊन बाहेर आली. दोन थालीपिठं, वर लोण्याचा गोळा. ताटली तिनं यशवंतरावांच्या पुढ्यात ठेवली.

"गाडीला अजून वेळ आहे, खाऊन घ्या," ती म्हणाली. "आणि जाताना दार नुसतं ओढून घ्या. कडी मी घालीन."